सुपरमार्केट सिम्युलेटर की मूनलायटर?

दोन्ही गेम दुकान चालवण्याचेच, पण गोडी वेगळी. २०२४ मध्ये आलेल्या ‘सुपरमार्केट सिम्युलेटर’मध्ये माल मागवा, खोकी उघडा, फळ्या भरा, भाव ठरवा, गल्ल्यावर सुटे मोजून द्या. काम तेच तेच, तरी रिकामी फळी गच्च भरली की फार समाधान वाटतं. पुढे कॅशियर ठेवता येतो. मी मात्र गल्ला शक्यतो सोडत नाही.

२०१८ च्या ‘मूनलायटर’मध्ये भुयारांत राक्षसांशी लढून माल आणायचा आणि दुकानात मांडायचा. योग्य किंमत आधी कुणी सांगत नाही, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ती ताडायची. काय सुरेख कल्पना! लढाईची आवड असेल तर हाच घ्या. निव्वळ दुकानदारी हवी असेल, तर पहिला.