सातपूरच्या मशीन शॉपमधील जॉबवर्क: न्यूट्रॉन प्रयोगासाठीची प्लेट

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीन शॉपकडून मी अ‍ॅल्युमिनियमची ८० मिलिमीटर लांबीची एक प्लेट करून घेतली. तेथे रोज वाहनांचे सुटे भाग होतात. माझी प्लेट मात्र लोहयुक्त अतिसंवाहकांचे (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांचे) पातळ स्फटिक बांधून ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनच्या झोतात ठेवण्यासाठी हवी होती. असे काम नाशकात होते का, अशी विचारणा दोघांनी केल्यामुळे हा अनुभव लिहीत आहे.

कामाची अडचण आधी सांगतो, नाही तर माझ्या तक्रारी निव्वळ किरकिर वाटतील. २००८ मध्ये जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजन यांच्या संयुगात फ्लोरिन मिसळून २६ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. त्याच वर्षी न्यूट्रॉन विकिरणातून, म्हणजे नमुन्यावर आदळून न्यूट्रॉन कसे विखुरतात ते पाहून, असे दिसले की, फ्लोरिन नसलेल्या मूळ संयुगात सुमारे १३७ केल्व्हिनखाली लोहाच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे (प्रत्येक अणूचे जणू छोटे चुंबक) पट्ट्यापट्ट्यांनी मांडली जातात, म्हणजे एका दिशेने शेजारी एकमेकांच्या उलट आणि दुसऱ्या दिशेने सारखे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसला तरी त्याला स्वतःचे आघूर्ण असते, म्हणून ही मांडणी त्याला जाणवते. पण त्या प्रयोगात अणूमागे आघूर्ण भरले अवघे ०.३६ बोर मॅग्नेटॉन (अणूंचे चुंबकत्व मोजण्याचे एकक). साध्या लोखंडात ते २.२ असते. चुंबकीय विकिरणाची तीव्रता आघूर्णाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने हा संकेत लोखंडाच्या सुमारे सदतिसाव्या हिश्श्यावर येतो, आणि प्लेटमधूनच भलतेसलते विकिरण झाले की तो त्यात बुडून जातो.

ड्रॉइंगमध्ये मी अ‍ॅल्युमिनियमचा ६०६१ हा मिश्रधातू लिहिला होता. दुकानात एचई-३० हा अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा मिश्रधातू पडून होता आणि ‘सर, दोन्ही सारखेच’ असे मालकांचे म्हणणे होते. त्यांच्या नेहमीच्या कामासाठी ते खरेही असेल. पण एचई-३० मध्ये मँगेनीज बरेच जास्त असते. न्यूट्रॉन लागून अ‍ॅल्युमिनियममध्ये येणारा किरणोत्सार सव्वादोन मिनिटांत निम्मा होतो, मँगेनीजच्या किरणोत्साराला त्यासाठी अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर नमुन्याला हात लावणे कठीण होते. हे समजावल्यावर त्यांनी विनातक्रार ६०६१ चा तुकडा टेस्ट सर्टिफिकेटसह मागवला.

तरीही पहिली प्लेट मी परत केली. गंजू नयेत म्हणून त्यांनी आपणहून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले होते, आणि त्यातील कोबाल्टचा किरणोत्सार वर्षानुवर्षे टिकतो. दुसरी प्लेट दिसायला चकचकीत होती, कडांवर बरही (कापताना उरणारी खरखरीत किनार) नव्हता; पण टॅप मारलेल्या, म्हणजे आटे पाडलेल्या, एका बंद भोकात कापसाची काडी फिरवली, तर ती दुधाळ होऊन बाहेर आली. ते कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात तो द्रव, होते. कूलंटमध्ये पाणी आणि तेल, म्हणजे हायड्रोजन. आणि हायड्रोजनचे एक अणुकेंद्र अ‍ॅल्युमिनियमच्या अणुकेंद्राच्या सुमारे दहा हजार पट असंगत विकिरण करते, म्हणजे न्यूट्रॉन सगळीकडे विखुरून नुसता गोंगाट वाढवते. मालक थोडे वैतागले, ते साहजिकच होते.

यावर तोडगा काढला तो मिलिंगवर बसणाऱ्या काकांनी. ‘भोक आरपारच करा ना, साठायला जागाच राहणार नाही,’ असे म्हणून त्यांनी माझ्याच ड्रॉइंगवर पेन्सिलीने रेघ ओढली. मला हे सुचायला हवे होते. शिवाय ४ केल्व्हिनपर्यंत थंड करताना ही प्लेट सुमारे ०.४ टक्के, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मिलिमीटर आकसते, हे कळल्यावर तार ओवण्याच्या खाचा त्यांनी तेवढ्याच सैल ठेवल्या. तिसरी प्लेट निर्दोष आली.

दर वाजवी आहे आणि मापे चोख असतात. पहिल्या दोन प्लेटचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मुदत मात्र पाळली गेली नाही, आठवड्याचे काम तीन आठवड्यांवर गेले, अर्थात त्यात माझ्या अपुऱ्या सूचनांचाही वाटा आहे. ‘कूलंट राहू नये, एसीटोनने धुऊन द्यावे’ हे ड्रॉइंगवरच लिहावे, तोंडी सांगितलेले शॉप फ्लोअरपर्यंत पोहोचत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू त्यांच्याकडे मिळत नाहीत. ते आपण सोबत न्यावेत.