लंगडी कोंबडी: डालग्याखाली ठेवावी की दवाखान्यात न्यावी?

सकाळी खुराड्याची फळी सरकवली की आमच्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून बाहेर पडतात. त्या दिवशी तांबडी सगळ्यांच्या मागून आली, तीन पावलं टाकली आणि उजवा पाय पोटाशी घेऊन उभी राहिली. घरात लगेच दोन पक्ष झाले. सासूबाई म्हणाल्या, "डालग्याखाली टाक, आठ दिवसांत पळायला लागंल." (डालगं म्हणजे कोंबडी झाकून ठेवायची बांबूची टोपली.) लेकाचं म्हणणं, आत्ताच डॉक्टरांकडे न्यायची. दोन्ही मार्ग आम्ही याआधी करून पाहिलेत. माझं मत असं झालंय की कोंबडी किती लंगडते यावर काही ठरवू नये. पाय उलटा करून बघावा आणि मग ठरवावं.

बघायचं रात्री. अंधारात कोंबडी गप्प धरू देते. एकाने पंख दाबून काखेत घ्यायची, दुसऱ्याने मोबाईलचा उजेड धरायचा. तळवा, बोटांच्या बेचक्या, कांडी म्हणजे बोटांच्या वरचा खवल्यांचा भाग, आणि मग तो सांधा ज्याला आपण गुडघा म्हणतो. (तो खरं तर घोटा. कोंबडीचा गुडघा वर पिसांत लपलेला असतो.) प्रत्येक जागा दुसऱ्या पायाशी ताडून बघायची. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंश असतं, त्यामुळे एकच पाय चाचपून "गरम लागतोय" म्हणण्यात अर्थ नाही.

बोटांना केस, दोरा किंवा मांजा आवळलेला सापडला तर दोन्ही पक्ष बाजूला ठेवा. कोमट पाण्यात पाय भिजवून नखं कापायच्या बारीक कात्रीने तो तिथल्या तिथे काढा. बोट काळं पडलं असेल तर मात्र दवाखाना. कांडीचे खवले उचलून पांढरट, खडबडीत झाले असतील तर खवल्यांखाली किडे आहेत. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे नेमाने चोपडलं की भागतं. खवले ओरबाडून काढू नका.

आता खरा प्रश्न. मुरगळणं, उंचावरून उडी मारून लागलेला मार, कुत्र्याच्या तावडीतून सुटताना बसलेला हिसका, यात डालगंच जिंकतं. दोन्ही पायांवर थोडा तरी भार टाकते, हाड सरळ आहे, जखम नाही, दाण्यावर तुटून पडते: अशा कोंबडीला पिशवीत घालून तालुक्याला नेण्यात तिचे हालच जास्त. पण डालगं म्हणजे नुसतं उपडं घालून विसरणं नव्हे. उघड्या जमिनीवर ती स्वतःच्याच शिटेत बसून राहते आणि आठ दिवसांनी पायाचं बरं, तळव्याचं वाईट अशी गत होते. खाली पोतं, त्यावर चार बोटं भाताचं तूस, रोज बदललेलं. पाणी जड वाडग्यात, तिच्या तोंडाशी. बसायला दांडी अजिबात नको, कारण उडी मारता येऊ नये हाच तर उपचार. आणि डालगं इतर कोंबड्यांना दिसेल असं ठेवा. फार दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजून टोचतात.

तिला मोकळीच सोडायची हा तिसरा पर्याय बरेचजण न ठरवताच निवडतात. तो मला पटत नाही. कळपातल्या बाकीच्या दुबळीला दाण्यावरून हाकलतात, रक्त दिसलं तर तिथेच टोचत राहतात.

मी डालग्याला तीन दिवस देते. तीन दिवसांत रतीभर तरी फरक दिसला पाहिजे. दिसला तर आठ-दहा दिवस पुरे होऊ द्यायचे, नाही तर दवाखाना.

काही कोंबड्यांना मात्र तीन दिवसही द्यायचे नाहीत. पाय लोंबतोय, हाड बाहेर दिसतंय, उभंच राहता येत नाही, सांधा सुजून टणक झालाय. किंवा एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडली आहे, तेही वयात येऊ घातलेली तलंग. हे मॅरेक्सचं लक्षण असू शकतं. तो विषाणूचा आजार. पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर लस दिली तर टळतो, झाल्यावर औषध नाही. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या लंगडायला लागल्या, मान वाकडी, शीट हिरवी, तर मार लागलेला नाही, राणीखेत म्हणजे मानमोडीची साथ असू शकते. अशी कोंबडी एसटीत घालून गावभर फिरवू नका, आधी फोन करा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे.

तळव्याचं गळू डालगं आणि दवाखाना यांच्या मधे येतं. गिरिराज, वनराजसारख्या वजनदार जातींत ते जास्त दिसतं, कारण उंच दांडीवरून सगळं वजन तळव्यावर आदळतं. नुसता लालसरपणा असेल तर घरी जमतं: कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, कोरडा पुसून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, खाली मऊ तूस. पण मधोमध काळी खपली आणि आत गोटी लागत असेल तर ती माणसाच्या गळवासारखी फुटून वाहील या आशेवर राहू नका. पक्ष्याचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा असतो, तो कापूनच काढावा लागतो. ब्लेड घेऊन हे घरी करणारे मी पाहिलेत. मी करणार नाही.

पट्टीच्या बाबतीतही मी डॉक्टरांच्या बाजूची आहे, तेही स्वतः हात पोळल्यावर. एका तलंगेची कांडी मोडली तेव्हा मी आइस्क्रीमच्या काड्या लावून कापडाने करकचून बांधलं. संध्याकाळपर्यंत बोटं जांभळी, भजीसारखी फुगलेली. सोडलं म्हणून पाय वाचला. कांडीवर मांस जवळजवळ नाहीच, कापूस न घालता बांधलं की रक्तच अडतं. नीट बांधलेली कांडी साधारण तीन आठवड्यांत जुळते. मांडीचं हाड मात्र घरच्या काडीने धरत नाही. आणि पट्टी छातीभोवती गुंडाळायची तर फार सैल, कारण कोंबडी छाती हलवूनच श्वास घेते.

दवाखान्याची दुसरी बाजूही सांगते. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो. आम्ही एकदा दोन तास बसून "पाचशेच्या कोंबडीला काय एवढं" हे ऐकून परत आलोय. म्हणून आधी विचारून जावं. एक्स-रेची गरज असेल तर शिरवळ, परळ अशा ठिकाणची पशुवैद्यक महाविद्यालयं बरी. नेताना भोकं पाडलेलं खोकं वापरा, पिशवी नको. औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारल्याशिवाय उठू नका.

माणसांच्या गोळ्या कोणत्याही पर्यायात बसत नाहीत. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, ती ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते झेपत नाही. हळद-तेल वरून लावायला माझी हरकत नाही. फक्त जखम बघून झाल्यावर लावा, पिवळ्या लेपाखाली काही दिसत नाही.

कापायचा विषय निघतोच, परसातली कोंबडी आहे. साध्या माराने लंगडणारी कापली तर ते घराघरावर. पण आजारी, सुस्त किंवा औषध चालू असलेली कोंबडी हंडीत जाऊ नये.

तांबडीच्या तळव्यात त्या रात्री बाभळीचा काटा निघाला, बेचक्यात मोडलेला, बाहेर तांदळाच्या कणीएवढंच टोक. चिमट्याने ओढला, आयोडीन लावलं आणि ती डालग्याखाली गेली. चौथ्या दिवशी तिने आतून एवढा कालवा केला की सासूबाईंनीच डालगं उचललं. खुराड्यातली दांडी आता जमिनीपासून दीड फुटावर आणलीय. तिला तीही नको असते, खाली पोत्यावर जाऊन बसते.