ऑफिसची ऑब्जेक्ट लायब्ररी ठेवायची कुठे: फाइलीत, नासवर की सर्व्हरवर?

आर्चिकॅडवर (इमारतींचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) पाच-सहा माणसं बसायला लागली की एक दिवस कोणीतरी ओरडतं, "अरे, आपला तो बॉक्स ग्रिल कुठल्या फाइलीत आहे?" सॉफ्टवेअरसोबत दारं, खिडक्या, सोफे ढिगाने येतात. पण कडाप्प्याचा ओटा, मोरी, देव्हारा, सेफ्टी डोअर आपल्याला हवं तसं आपणच बनवावं लागतं. अशा तयार वस्तूंचा साठा म्हणजे ऑब्जेक्ट लायब्ररी. प्रश्न ती ठेवायची कुठे, हा. नौपाड्यातल्या आमच्या सहा जणांच्या ऑफिसात दोन पद्धती वापरून झाल्या आहेत आणि तिसरी बेलापूरला मैत्रिणीच्या वीस जणांच्या ऑफिसात जवळून पाहिली आहे.

पहिली, एम्बेडेड. वस्तू प्रोजेक्टच्या फाइलीतच राहते. फाइल पेनड्राइव्हवर टाकून घरी नेली तरी काही हरवत नाही. एकट्याने प्रॅक्टिस करत असाल तर पुढचं वाचायची गरजही नाही. पण दहा कामं झाली की त्याच ग्रिलच्या दहा प्रती होतात आणि प्रत्येकीत कोणीतरी थोडा हात मारलेला असतो. चूक सापडली की दहा ठिकाणी दुरुस्ती.

दुसरी, नासवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली सगळ्यांची सामायिक डिस्क) एक फोल्डर आणि सगळ्या प्रोजेक्टना त्याची लिंक. (नावावर जाऊ नका, आमचा नास चार वर्षं धड चाललाय.) वस्तू एकदाच ठेवायची, सगळ्यांना दिसते. अट एकच, प्रत्येक मशीनवर फोल्डरचा रस्ता (पाथ) तोच हवा. एकाकडे ड्राइव्ह झेड आणि दुसऱ्याकडे वाय असेल, तर फाइल उघडल्यावर ओट्याच्या जागी नुसते ठिपके दिसतात. आणि फोल्डरमध्ये कॉपी-पेस्ट करून 'ग्रिल नवा', 'ग्रिल फायनल' असली पिल्लं काढू नका. आर्चिकॅड वस्तू तिच्या आतल्या ओळख-क्रमांकावरून ओळखतं. विंडोजमध्ये कॉपी केलं की तो क्रमांक तोच राहतो, मग दोन्हींतली एकच उचलली जाते. नवी वस्तू हवी तर आर्चिकॅडमधूनच 'सेव्ह ॲज' करा.

लिंकचा खरा काटा मात्र वेगळाच आहे आणि तो मला टोचलाय. ग्रिलला आणीबाणीत उघडणारी झडप हवी म्हणून मी त्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे वस्तूचा आकार ठरवणाऱ्या कोडमध्ये, चार ओळी घातल्या. दोन महिन्यांनी घोडबंदर रोडचं जुनं काम सुधारित नकाशासाठी उघडलं, तर मंजूर झालेल्या एलिव्हेशनवर प्रत्येक खिडकीला झडप! डीफॉल्ट माप बदललं तर आधी बसवलेल्या वस्तू जागच्या हलत नाहीत. स्क्रिप्ट बदलली की सगळ्या बदलतात, मंजूर नकाशातल्यासुद्धा. रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे उलटं आहे. फॅमिली (तिथे वस्तूला हेच म्हणतात) लोड केली की तिची प्रत प्रोजेक्टमध्येच येते. जुनं काम सुरक्षित राहतं, पण दुरुस्ती हवी असेल तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पुन्हा लोड करत बसा.

तेव्हा निवड करताना वेग, खर्च यांच्या आधी हे ठरवा: आज केलेली दुरुस्ती कालच्या कामात जायला हवी की नको?

आम्ही मधला मार्ग काढला. चालू कामं नासवरच्या फोल्डरवर. काम मंजूर झालं की पीएलए (आर्चिकॅडची अर्काइव्ह फाइल) करून ठेवतो, म्हणजे त्यात वापरलेल्या वस्तू फाइलीसोबतच बांधल्या जातात. स्ट्रक्चरलवाल्याला फाइल देतानाही पीएलएच. आणि जुनं काम उघडायचं झालं तर पीएलएमधूनच. दरवर्षी एप्रिलमध्ये फोल्डरची एलसीएफ, म्हणजे सगळी लायब्ररी एकाच फाइलीत बांधलेला कंटेनर, काढतो. त्या कंटेनरमध्ये कोणाला थेट खाडाखोड करता येत नाही, बदल हवा तर तो सोडवून पुन्हा बांधावा लागतो. हा त्रास मला गुणच वाटतो.

तिसरी पद्धत, आर्चिकॅडवाल्यांचाच बिमक्लाउड सर्व्हर. लायब्ररी सर्व्हरवर असते आणि प्रत्येकाच्या मशीनवर तिची प्रत आपोआप उतरते, त्यामुळे रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. बदलायचा अधिकार कोणाला, हेही तिथेच ठरवता येतं. टीमवर्कवर (एकाच प्रोजेक्टवर अनेकांनी एकाच वेळी काम करायची सोय) एकाच इमारतीत चार-पाच जण घुसलेले असतील, किंवा साइट ऑफिसमधूनही काम होत असेल, तर हीच घ्या. पण सर्व्हर म्हटला की त्याचा बॅकअप, त्याचे अपडेट आणि ते बघणारा माणूस आलाच. मैत्रिणीकडे तो माणूस आहे. आमच्याकडे वीज गेल्यावर यूपीएस बघायलाही मीच उठते, म्हणून आम्ही सर्व्हरच्या वाटेला गेलो नाही. आज दहाच्या वर माणसं असती तर गेले असते.

वनड्राइव्हसारख्या सिंकवर लायब्ररी नकोच. फोल्डरच्या रस्त्यात प्रत्येकाचं युजरनेम येतं, की पुन्हा ठिपके.

पद्धत कोणतीही घ्या, लायब्ररीत वस्तू टाकणारा हात एकच ठेवा. आमच्याकडे ती चावी मुद्दाम सगळ्यांत ज्युनिअर मुलीकडे दिली आहे. नावं, मापं, लेयर तपासल्याशिवाय ती काही आत घेत नाही. माझा नवा ग्रिल तिने दोनदा परत पाठवलाय.