आईला मधुमेह नाही: घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयाचा अनुभव

ऑपरेशन उत्तम झालं, हे आधी सांगते. आईच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढले आणि तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत रिक्षात बसली. रात्रपाळीच्या सिस्टर तर घरच्यासारख्या होत्या. तरी पाचपैकी दोनच तारे देतेय, ते डिस्चार्ज समरीतल्या एका ओळीमुळे: ‘5 वर्षांपासून मधुमेह’.

आईला मधुमेह नाही. कधीच नव्हता. त्याच फाइलमध्ये ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 5.4 आहे, 5.7 च्या खाली म्हणजे नॉर्मल. पण विमा कंपनीने नेमकी ती ओळ धरली. पॉलिसी 3 वर्षांपूर्वी घेतलेली, म्हणजे आजार लपवून घेतली, असं म्हणून क्लेम नाकारला. जिने जन्मात कुणाचे चार आणे ठेवून घेतले नाहीत, ती माझी 61 वर्षांची आई ते पत्र वाचून दोन दिवस नीट जेवली नाही.

रेकॉर्ड विभाग तळघरात. ती ओळ दुरुस्त करून घ्यायला मी कोपरीहून दर वेळी अर्धी रजा टाकून जायची. एकदा ‘डिस्चार्जनंतर सिस्टीम लॉक होते, मॅडम’. एकदा जेवणाची सुट्टी. एकदा ‘सरांना विचारा’, आणि सर त्या दिवशी नव्हते.

चौथ्यांदा लेखी अर्ज नेला. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत कागद द्यावेत, हा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम त्यात लिहिला, सगळे इनडोअर केसपेपर, म्हणजे आई भरती असतानाच्या नोंदी, मागितले आणि पोच घेतली. केसपेपर आले तेव्हा कळलं, भरती करताना ज्युनिअर डॉक्टरांनी हाताने ‘मधुमेह नाही’ असंच लिहिलं होतं. चूक समरी टाइप करताना झाली.

सर्जन भेटल्यावर काम दहा मिनिटांत झालं. जुनी नोंद त्यांनी खोडली नाही, ते बरोबरच. खाडाखोडीवर कंपनीने विश्वास ठेवला नसता. तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह वेगळं दुरुस्तीपत्र दिलं. ते, केसपेपर आणि रिपोर्ट जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवलं. क्लेम मंजूर झाला.

गेल्या आठवड्यात आईला तपासणीला नेलं, तर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघत विचारलं, ‘आजी, सकाळची शुगरची गोळी घेतली का?’ संगणकातली नोंद तशीच आहे. त्यासाठी दुसरा अर्ज तिथेच बसून लिहिला. त्याचीही पोच घेतलीय.