पाहोल: कर्नलमधलं फील्ड उडवायच्या आधी हे चालवून बघाच

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्ट्रक्टमधलं, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातलं, एखादं फील्ड "डबल आहे, तीच माहिती दुसरीकडे मिळते, काढून टाका" असा वाद सुरू झाला की आधी पाहोल चालवायचं आणि मग तोंड उघडायचं, असं माझं स्पष्ट मत. अर्नाल्डो कार्व्हाल्यो द मेलो यांचं हे टूल, ओपन सोर्स, ड्वॉर्व्ह्ज पॅकेजमधलं. स्ट्रक्टचं नाव द्या, प्रत्येक फील्डपुढे ऑफसेट (सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते) आणि साइज, मधे कुठे भोक, म्हणजे रिकामी वाया गेलेली जागा, पडलंय, ६४ बाइटची कॅशलाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) कुठे संपते, सगळं छापून देतं, वर "ट्राय टू पॅक" (घट्ट बसवून बघा) असा टोमणा पण मारतं. कर्नलमध्येच बीटीएफ, म्हणजे स्ट्रक्टच्या रचनेची आटोपशीर माहिती, असेल तर वेगळी डीबग फाइल शोधायची कटकट नाही.

आता उघडलेल्या फाइलसाठी कर्नल ठेवतो तो स्ट्रक्ट फाइलच घ्या ना. त्यात एफ_पाथ (फाइलचा पत्ता) आहे, त्यातून डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद), डेंट्रीतून आयनोड (खुद्द फाइलची नोंद) मिळतो, तरी एफ_आयनोड वेगळं ठेवलंय, शेजारी कॉमेंट "कॅश्ड व्हॅल्यू", म्हणजे हाताशी ठेवलेली प्रत. बघणारा म्हणणार, ८ बाइट फुकट घालवले की! पण लिनक्स ६.१२ मध्ये हाच स्ट्रक्ट २३२ वरून १८४ बाइटवर आणला, त्या सफाईत एफ_व्हर्जन गेलं कारण ते वापरणारे मोजकेच होते, आणि ४ च्या ३ कॅशलाइन झाल्या, म्हणजे खरा फायदा. त्या १८४ मधून एफ_आयनोड काढलं तर उरतात १७६, कॅशलाइन तरी ३च, आणि फाइल ऑब्जेक्ट कॅशलाइनला अलाइन करूनच दिले जातात त्यामुळे मेमरीत एक छदाम वाचत नाही, उलट दरवेळी डेंट्रीकडून वळसा घालायचा. दोन मिनिटांत वाद मिटला.

पण ते फील्ड खरंच फालतू आहे का, हे पाहोल सांगत नाही हं. ओव्हरलेएफएसमध्ये (एका फाइल सिस्टिमवर दुसरी पसरून एकच दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) एकेकाळी एफ_पाथ ओव्हरलेकडे आणि एफ_आयनोड खालच्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवायचं, म्हणजे दोन्हींत एकच माहिती हे गृहीतकच चुकीचं, आणि ते फक्त कोड वाचूनच कळतं. ते फील्ड कोण कुठे वाचतंय ते कोडमध्ये ग्रेप करून (शब्द शोधायच्या कमांडने) शोधा. पाहोलमध्ये फील्ड्सची जागा बदलायचा ऑप्शन आहे, तो भोकं छान बुजवतो, पण कुठली फील्ड्स एकत्र वाचली जातात हे त्याला काय माहीत, डोळे झाकून त्याचं ऐकू नका.

बाकी पाहोलचं जुनं व्हर्जन असेल तर बीटीएफवाला कर्नल बिल्ड करताना जाम डोकं खातं. तेवढ्यासाठी एक स्टार कापला, ५ पैकी ४.