गावाचं आडनाव की हुद्द्याचं?

घराण्याचा माग काढायचा तर ‘कर’वाले नशीबवान. पेणकर, रोहेकर, चिपळूणकर म्हटलं की नकाशावर बोट ठेवता येतं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनीही हीच रीत उचलली. किहीमकर म्हणजे अलिबागजवळच्या किहीमचे. दीनानाथ मंगेशकरांनी तर गोव्यातल्या मंगेशीवरून आडनाव मुद्दाम घेतलं. मेख एकच: गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? त्यामुळे असं आडनाव बहुधा गाव सुटल्यावरच चिकटतं. शिवाय ते जातही सांगत नाही, हा मला त्याचा मोठाच गुण वाटतो.

हुद्द्याचं आडनाव पूर्वजाचं काम सांगतं. कुलकर्णी गावाचं दप्तर सांभाळायचा, देशपांडे परगण्याचं; पाटील गावाचा प्रमुख, देशमुख परगण्याचा. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ फारसीतला, लिहिणारा या अर्थाचा. ऐट आहे, पण पत्ता नाही. पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत, लिंगायतांत, आगऱ्यांतही. नुसत्या आडनावावरून मूळ गाव शोधायला निघालात तर फिरतच राहाल. वतनं तर केव्हाच गेली: परगणा व कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने, पाटीलकी 1962 च्या. रुबाब मात्र कायद्याला जुमानत नाही, हे कुठल्याही लग्नपत्रिकेत दिसेल.

कागदपत्रं शोधताना मात्र पारडं फिरतं. वतनदाराचं नाव जुन्या दप्तरात, वतनाच्या वादात सापडण्याची शक्यता जास्त. गाव सोडून गेलेल्या साध्या माणसाची नोंद कोण ठेवणार?