एमसीबी पडला की आरसीसीबी?
शेजारी लाइट आहे, आपल्याकडेच गेली, तर कोरड्या हातांनी बोर्ड उघडून आपोआप बंद होणाऱ्या स्विचांपैकी नेमका कोणता खाली पडलाय ते आधी बघा. एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की पडणारा स्विच, असेल तर कारण जादा लोड किंवा शॉर्टसर्किट. गीझर आणि इस्त्री एकदम चालू होती का? एमसीबी वायर जळू देत नाही, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतही नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळताच लाइट तोडणाऱ्या स्विचचं. जुन्या घरांत तो बऱ्याचदा नसतो, कृपा करून बसवून घ्या! तो पडला तर करंट कुठेतरी गळतोय. सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावून बघा. प्लग काढूनही पडतोय? मग वायरमनलाच बोलवा.